जिवंत ठेव

महाभारताच्या आरंभींच एका कुत्र्याच्या पिलाचें केंकाटणें ऐकूं येतें, आणि अखेरीस एक कुत्रा धर्मराजाच्या पाठोपाठ स्वर्गाच्या दारापर्यंत चालत जातो. जनमेजयाच्या सत्रांत आलेल्या सरमेच्या पिलाला त्याच्या भावांनीं मारलें. त्या पिलानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नव्हतें, कीं त्याला जीभ लावली नव्हती. सरमेनें येऊन आपल्या लेंकराचा अपराध काय म्हणून विचारलें, तेव्हां त्या यज्ञमंडपांत कोणापाशींहि उत्तर नव्हतें. दुसऱ्या प्रसंगीं, कुत्र्याला मागें ठेवून रथांत बसावें असें इंद्रानें सांगितलें असतां, आश्रयास आलेल्याचा त्याग करून मिळणारा स्वर्ग युधिष्ठिरानें नाकारला. निरपराध्याला मारूं नये आणि आश्रिताला टाकूं नये, हे दोन धर्म त्या ग्रंथानें असे कुत्र्याच्याच निमित्तानें सांगून ठेवले आहेत. या दोहोंच्या मधला एक तिसरा प्रसंग मात्र त्यांत आलेला नाहीं. एखाद्या कुत्र्याला, पुढें दुसऱ्याच्या हवालीं करावयाचें असें ठरवूनच, घरांत घ्यावें, त्याला माया लावावी, आणि ती पुरती जडली म्हणजे त्याला निरोप द्यावा, हें धर्माला धरून आहे काय? गेल्या वर्षीं हा प्रश्न चार पायांनीं चालत माझ्या घरीं आला. त्या वेळीं मला जें सुचलें, व जें सुचावयास हवें असतां सुचलें नाहीं, तें दोन्ही येथें मांडण्याचा विचार आहे.

ज्यांचा या व्यवहाराशीं संबंध आलेला नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. रस्त्यावर जखमी झालेलीं, टाकून दिलेलीं किंवा आईवेगळीं झालेलीं कुत्रीं प्राण्यांसाठीं काम करणाऱ्या संस्थांच्या आश्रयगृहांत आणलीं जातात. तेथें त्यांच्यावर उपचार होतात, रेबीजची व इतर रोगांची लस टोंचली जाते, नसबंदी होते. मग त्यांपैकीं कांहीं तरुण, निरोगी व माणसांत रमणारीं कुत्रीं दत्तक जाण्यास योग्य ठरतात. कुत्रें तयार असतें, घर तयार नसतें. अशा वेळीं कायमचें घर मिळेपर्यंत एखाद्या कुटुंबानें त्याला कांहीं आठवडे आपल्याकडे ठेवून घ्यावें, अशी ही पद्धत आहे. तिला मराठींत रुळलेला शब्द नाहीं. 'दत्तक' म्हणावें तर तें पुढें व्हावयाचें असतें. 'पाळणें' म्हणावें तर त्यांत कायमपणा येतो. म्हणून मी नुसता 'सांभाळ' हा शब्द वापरणार आहें.

प्राण्यांना आसरा देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. मुंबईंत १८३२ च्या जून महिन्यांत मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाजानें दंगा केला, आणि दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई प्रभृतींच्या पुढाकारानें तेथें पांजरपोळ स्थापन झाली. पांजरपोळीचें तत्त्व जीवदानाचें आहे. आलेल्या प्राण्याला अखेरपर्यंत अन्न व निवारा द्यावा, एवढी तिची प्रतिज्ञा. लंडन शहरांत १८६० सालीं मेरी टील्बी नांवाच्या बाईनें हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठीं जें गृह काढलें, त्याची वाट निराळ्या दिशेनें गेली. कुत्र्याला त्याचा जुना धनी परत मिळवून द्यावा, तो न मिळाल्यास नवा शोधावा, म्हणजे आश्रयगृह हा मुक्काम न मानतां टप्पा मानावा, ही ती दिशा. गाईला वैरण, पाणी आणि चार जोडीदारणी मिळाल्या म्हणजे तिचें पुष्कळसें भागतें. कुत्र्याचें तसें भागत नाहीं. हजारों वर्षांच्या सहवासानें त्याची भूक अन्नापुरती राहिलेली नाहीं, तिला मनुष्य लागतो. अमेरिकेंतील आश्रयगृहांतल्या कुत्र्यांना एकदोन रात्री माणसांच्या घरीं नेऊन त्यांच्या शरीरांतील कॉर्टिसॉल या द्रव्याचें प्रमाण मोजल्याचें संशोधन २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. हें द्रव्य मनावरील ताणाबरोबर वाढतें. घरीं तें प्रमाण उतरलें, आणि कुत्रीं आश्रयगृहांत परत येतांच पुनः पहिल्याइतकें झालें.

आपल्या देशांत हा प्रश्न अलीकडे अधिक निकडीचा झाला आहे. दिल्लीच्या रस्त्यांवरील कुत्र्यांविषयीं सर्वोच्च न्यायालयानें २०२५ च्या ऑगस्टमध्यें अकरा दिवसांच्या अंतरानें दोन आदेश दिले. २२ ऑगस्टच्या आदेशांत असेंहि म्हटलें होतें कीं, ज्यांना कुत्र्यांविषयीं कळवळा आहे त्यांनीं पालिकेकडे अर्ज करून तीं दत्तक घ्यावींत. मात्र तीं पुनः रस्त्यावर येणार नाहींत याची जबाबदारी त्यांनीं पत्करावी. ज्याच्या मुलाला रस्त्यावर कुत्रें चावलें आहे त्याचा संताप खोटा नसतो, आणि त्याला भूतदयेचें प्रवचन ऐकवणें हा उद्धटपणा होय. आपल्या दयेला घर आहे काय, असें तो विचारतो, आणि त्याचा तो अधिकार आहे.

आमच्याकडे आलेला कुत्रा सुमारें दहा महिन्यांचा होता. गुळाच्या ढेपेसारखा तांबूस रंग, पुढचा एक पाय पांढरा, आणि मोटारीच्या धक्क्यानें मोडून पुनः जुळलेली मागची तंगडी, असा त्याचा थाट. सहा आठवड्यांच्या बोलीवर मीं होकार दिला होता. नांव ठेवूं नये, असें माझें मत पडलें. नांव ठेवलें कीं हक्क उत्पन्न होतो, आणि हक्क तर आपल्याला सांगावयाचा नाहीं. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, नांव आपल्यासाठीं नसतं, त्याच्यासाठीं असतं. त्याला कुणी हांक मारायची कीं नाहीं?" माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि तो 'तांबू' झाला. त्याचा स्नेहाळपणा जगावेगळा होता. दूधवाला, पेपरवाला, जिन्यावरून चुकून आमच्या मजल्यावर आलेला अनोळखी इसम, सर्वांचें तो सारख्याच आनंदानें स्वागत करी. जगानें त्याला मोटारीखालीं घातलें होतें. त्यानें जगाला क्षमा केली होती असें म्हणावें, तर क्षमेच्या आधीं राग असावा लागतो, आणि तो त्याच्या ठिकाणीं मला कधींच आढळला नाहीं.

पहिला आक्षेप माझ्या एका जुन्या स्नेह्यानें घेतला. तो म्हणाला कीं, ही सरळ फसवणूक आहे. मनुष्याला 'तूं येथें कांहीं दिवसांचा पाहुणा आहेस' असें सांगतां येतें. कुत्र्याला सांगतां येत नाहीं. तो आपलें सर्वस्व ओततो, तुम्ही मात्र मनांत तारीख धरून बसलेले. हा विषम व्यवहार त्याच्या अज्ञानावर चालतो. आक्षेप लहान नाहीं. प्राणी विचार करूं शकतात काय, हा प्रश्न गैरलागू असून त्यांना दुःख होतें काय एवढेंच पाहावें, असें बेंथामनें १७८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत बजावलें आहे. त्या कसोटीला आमचा सांभाळ सहज उतरतो. कारण आश्रयगृहापेक्षां घरीं दुःख कमी, हें उघड आहे. कांटच्या मतें प्राण्यांविषयींचीं आपलीं कर्तव्यें खरें पाहतां मनुष्यत्वाविषयींचींच कर्तव्यें आहेत. कुत्र्याशीं निष्ठुरपणें वागणारा पुढें माणसांशींहि तसाच वागूं लागतो. त्या कसोटीलाहि आम्ही उतरलों असतों. परंतु माझ्या स्नेह्याचा मुद्दा दुःखाचा नव्हता, कीं निष्ठुरतेचा नव्हता. तो विश्वासाचा होता. जो आपल्यावर विश्वास टाकतो त्याला विश्वासाची मुदत ठाऊक नसेल, तर आपण त्याचे कोण लागतों?

या प्रश्नाचा विचार करतांना मला दोन आश्रमवासी आठवले. भागवताच्या पांचव्या स्कंधांतील भरत राजानें राज्य टाकून वनवास पत्करला होता. नदीच्या प्रवाहांत पडलेलें, आई मेलेलें एक हरिणाचें पाडस त्यानें उचलून आणलें, आणि त्याच्या पायीं जप, ध्यान सर्व विसरून शेवटीं त्याचेंच चिंतन करीत प्राण सोडला. पुढचा जन्म त्याला हरिणाचा मिळाला. या कथेचें तात्पर्य आपल्याला 'माया वाईट' असें सांगण्यांत येतें. मला तें पटत नाहीं. पाडस वाहून जाऊं देणारा भरत मोक्षाला गेला असता, तर तसला मोक्ष कोणी मागावा? त्याची चूक मायेंत नव्हती. आपण गेल्यावर या पाडसाचें काय, तें वनांत कसें राहील, कळपांत कसें मिसळेल, हा विचार त्याच्या मायेंत नव्हता. मरतांना तो पाडसाकडे पाहत होता, पण पाडसाच्या उद्यांकडे पाहत नव्हता.

दुसरा आश्रमवासी कण्व. शकुंतला त्याची पोटची मुलगी नव्हे. टाकलेलें मूल त्यानें उचलून वाढविलें. कालिदासाच्या नाटकांत तिची पाठवणी करतांना त्या विरक्त पुरुषाचा कंठ दाटून येतो, आणि ती गेल्यावर धन्याची ठेव धन्याला पोंचती केल्यासारखें त्याला हलकेंहि वाटतें. दोन्ही भावना खऱ्या आहेत. एकीनें दुसरी खोटी ठरत नाहीं. त्याच अंकांत एक लहान प्रसंग आहे. कुशाच्या टोंकानें तोंड चिरलेल्या एका पाडसाच्या जखमेला शकुंतलेनें इंगुदीचें तेल लावलेलें असतें, त्याला मूठमूठ सांवे भरवून वाढविलेलें असतें. निघतांना तें तिचें वस्त्र ओढतें. ती रडते, आणि यापुढें तात तुझा सांभाळ करतील असें सांगून त्याला कण्वाच्या हवालीं करते. जिचा सांभाळ झाला तिनें दुसऱ्या जिवाचा सांभाळ केला, आणि जातांना त्याची सोय लावली. आपल्या साहित्यांत सांभाळाचें शास्त्र कोठें असेल तर तें येथें आहे.

येथपर्यंतचें विवेचन मला त्या दिवसांतहि सुचत होतें, आणि मी तें घरांतल्या मंडळींना ऐकवीतहि असें. माझें आचरण मात्र भरताचें होतें. चौथ्या आठवड्यांत एक कुटुंब तांबूला पाहावयास आलें. संस्थेनें घराची पारख बव्हंशीं माझ्यावर सोंपविली होती. त्यांची गॅलरी मला अपुरी वाटली. सहाव्या आठवड्यांत दुसरें कुटुंब आलें. त्यांच्या घरीं तीन वर्षांचें मूल होतें, तें शेंपूट ओढील म्हणून मीं नकार कळविला. दोन्ही वेळां माझीं कारणें निर्दोष होतीं, आणि तीं सांगतांना मला आपल्या दक्षतेचा अभिमान वाटला. मुलीनें एकदां शांतपणें विचारलें, "बाबा, आपली गॅलरी केवढी आहे?" आमची गॅलरी त्यांच्यापेक्षां लहान होती.

इतकें होऊनहि मला उमगलें नाहीं. आठव्या आठवड्यांत, तांबूला आम्हीच ठेवून घ्यावें काय, हें विचारण्यासाठीं मीं संस्थेंतल्या बाईंना फोन केला. अशा पालकाला या कामांतले लोक थट्टेनें 'नापास' म्हणतात; त्या थट्टेची मीं तयारी केली होती. बाई हंसल्या नाहींत. त्या म्हणाल्या, "ठेवा ना काका, तुमच्याकडे सुखांत राहील तो." मग थोडें थांबून त्यांनीं सांगितलें कीं, तांबूनंतर आमच्याकडे पाठवावयाचें म्हणून ठरविलेलें एक काळें पिलूं आदल्या आठवड्यांत डिस्टेंपरनें गेलें. लशी पुऱ्या व्हावयाच्या होत्या, आणि गर्दीच्या जागीं अशीं लहान पिलें लवकर सांपडतात. त्यांनीं दोष दिला नाहीं. बातमी म्हणून सांगितलें.

तें पिलूं आमच्याकडे आलें असतें तर खात्रीनें जगलें असतें, असें मी म्हणत नाहीं. कदाचित् रोग आधींच अंगांत शिरला असेल. परंतु ज्या जागेंत तें राहावयाचें होतें ती जागा मीं चार आठवडे एका खोट्या कारणानें अडवून ठेविली, हें मला नाकारतां येत नाहीं. मी घरें तपाशीत नव्हतों, दोष शोधीत होतों. लोभाला सद्सद्विवेकाचें वस्त्र फार चांगलें बसतें, हें मला त्या दिवशीं कळलें. नुसत्या लोभाला मीं ओळखलें असतें. पण तो जबाबदारीच्या भाषेंत बोलत होता, म्हणून मीं त्याला मान देऊन बसावयास पाट दिला.

येथें कोणी विचारील कीं, हा हिशेब निष्ठुर नव्हे काय? एक ठेवला तर दुसऱ्याची जागा जाते म्हणून पहिल्याला घालवावें, म्हणजे जीव हे खात्यावरचे आंकडे झाले. मला तसें वाटत नाहीं. तांबूला दुसरें चांगलें घर मिळणें शक्य नसतें, तर त्याला ठेवून घेणें हेंच माझें कर्तव्य झालें असतें, मग दाराशीं दहा पिलें उभीं असोत. पण त्याला घरें मिळत होतीं. मिळत नव्हता तो माझा होकार. एकाच्या हिताआड आपण उभे राहावें आणि त्यामुळें दुसऱ्याचेंहि दार बंद व्हावें, यांत तांबूचें प्रेम कितपत होतें आणि माझें स्वतःचें कितपत, हें कोणीहि ओळखील.

स्वतःचें प्रेम म्हणण्याचें आणखीहि एक कारण आहे. आपल्यावांचून हा झुरून मरेल, असें मला मनांतून वाटत होतें. बुडापेस्ट येथील संशोधकांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेले प्रयोग मला पुढें वाचावयास मिळाले. आश्रयगृहांतील प्रौढ कुत्र्यांशीं एखाद्या अनोळखी माणसानें दहा दहा मिनिटें असें तीन वेळां खेळावें, एवढ्यानें त्या माणसाविषयीं त्यांच्या ठिकाणीं ओढ उत्पन्न झाल्याचीं लक्षणें दिसलीं. ज्या प्रेमाला आपण जन्मांतरीचें ऋणानुबंध समजतों तें अर्ध्या तासांत अंकुरूं शकतें, हें वाचून पालकाला धक्का बसतो. पण विचार केला तर त्यांत कुत्र्याची लबाडी नाहीं, त्याचें सामर्थ्य आहे. त्याचें हृदय पुनः पुनः लावतां येतें. आणि ज्याचें हृदय असें आहे त्याला 'तूं माझ्यापुरताच राहा' म्हणणें, ही त्याच्यावरील माया नव्हे.

आतां युधिष्ठिराकडे वळूं. त्यानें कुत्र्याला टाकलें नाहीं, आणि आम्हीं तांबूला दिलें. मग आम्ही अधर्मी ठरलों काय? त्याग आणि सोंपवणूक यांतील भेद येथें पाहिला पाहिजे. बाहेरून दोन्ही सारखींच दिसतात: एक दार लागतें, एक गाडी निघून जाते. भेद असा कीं, त्यागांत टाकणाऱ्याची सोय असते आणि टाकलेल्याचें पुढें कोणी नसतें. सोंपवणुकींत ज्याला सोंपविलें त्याची सोय पाहिलेली असते. इंद्र युधिष्ठिराला सांगत होता तो त्याग. त्या बर्फाळ वाटेवर कुत्र्याला दुसरें कोणी नव्हतें. कोणी सज्जन तेथें कुत्र्याला उबदार घर देण्यास उभा असता, तर धर्मराजानें काय केलें असतें याचा तर्क ज्यानें त्यानें करावा.

पण केवळ सोंपविल्यानें सर्व साधत नाहीं. आपल्या स्मृतिकारांनीं ठेवीचे नियम सांगितले आहेत: ठेव जपावी, स्वतः वापरूं नये, मागतांच परत करावी. जिवंत ठेवीला आणखी तीन नियम लागूं करावे लागतील. पहिला, तिला दुसऱ्याच्या घरीं राहण्याजोगी करावी. एकटें राहणें, दोरीनें चालणें, परक्या हातचें खाणें तिला शिकवावें, आणि आपल्यावांचून चालणारच नाहीं अशी करून ठेवूं नये. दुसरा, घेणाऱ्यापासून कांहीं लपवूं नये. तांबू पावसाच्या गडगडाटाला घाबरे, आणि चामड्याच्या वहाणा चावी, हें सांगितलेंच पाहिजे. तिसरा, जमलें नाहीं तर ठेव परत घेण्यास आपलें दार उघडें ठेवावें. हे नियम पाळले म्हणजे विश्वासाच्या प्रश्नाला पुष्कळसें उत्तर मिळतें. कुत्र्यानें विश्वास टाकला तो या विशिष्ट घरावर नव्हे. मनुष्य आपल्याला सांभाळील, या गोष्टीवर त्यानें विश्वास टाकला. ती गोष्ट आपण खरी केली म्हणजे त्याला फसविलें असें होत नाहीं. आपल्या भाषेंत कुत्रें पाळतात आणि वचनहि पाळतात. क्रियापद एकच आहे. कधीं कधीं दुसरें पाळण्यासाठीं पहिलें सोडावें लागतें.

अकराव्या आठवड्यांत साताऱ्याहून एक निवृत्त शिक्षक व त्यांची पत्नी आलीं. घराला मागें परसू होतें. तें नसतें तरी या खेपेस मीं होकारच दिला असता. तांबू त्यांच्या गाडींत आनंदानें चढला, कारण तो कोणाच्याहि गाडींत आनंदानेंच चढे. त्यानें मागें वळून पाहिलें नाहीं. मुलगी रडली, मी वर येऊन गॅलरींतला त्याचा पाण्याचा वाडगा धुवून ठेवला. चौथ्या दिवशीं त्यांत दुसरें कुत्रें पाणी पिऊं लागलें.

माझ्या स्नेह्याच्या आक्षेपाचा एक अंश मात्र अजून शिल्लक आहे, आणि तो मी लपवीत नाहीं. त्या पहिल्या रात्रीं साताऱ्याच्या अनोळखी घरांत तांबू कोणाची वाट पाहत दाराशीं बसला असेल, तर तेवढें दुःख आम्हींच त्याला दिलें, आणि कोणत्याहि युक्तिवादानें तें पुसलें जात नाहीं. भल्यासाठीं दिलेलें दुःख हेंहि दुःखच असतें. तें देणाऱ्यानें आपल्या नांवावर मांडून ठेवावें. जनमेजयाच्या भावांपाशीं सरमेच्या प्रश्नाला उत्तर नव्हतें, आणि त्या काळ्या पिलाच्या आईनें येऊन विचारलें तर माझ्यापाशींहि नसेल. तांबूच्या आईनें विचारलें कीं, माझ्या लेंकराला तुम्हीं घरांत कां घेतलें आणि मग दुसरीकडे कां पाठविलें, तर तिला सांगण्याजोगें उत्तर मजपाशीं आहे. तें सर्वस्वीं समाधानकारक नाहीं. पण तें ऐकून तिला शाप द्यावासा वाटणार नाहीं, अशी माझी आशा आहे.